कॅलरीचं लक्ष्य ठरवताना या चुका टाळा: मोबाइलमधले १२००, तेलाचा पिपा आणि कापूस वेचणी

मोबाइलमधल्या कॅलरी मोजायच्या ॲपात वय, उंची, वजन भरलं आणि 'लवकर वजन कमी करायचं आहे' यावर बोट ठेवलं, की बायकांना बऱ्याचदा एकच आकडा दिसतो: दिवसाला १२०० कॅलरी. दुसऱ्या दिवसापासून सकाळी नुसता चहा, दुपारी एक पोळी, रात्री काकडी. पहिला आठवडा काटा भराभर खाली येतो. मग चक्कर येते, चिडचिड होते, आणि एका रात्री सगळे झोपल्यावर गंजातला (पातेल्यातला) उरलेला भात उभ्याउभ्याच खाल्ला जातो. 'माझ्याच्यानं होत नाही' असं म्हणून ती बाई हिशोबच सोडून देते. तिच्या निश्चयात काही कमी नसतं. आकडाच तिचा नसतो.

थोडं वजन उतरवायचं असेल तर लक्ष्य आपल्या अंगावरून, आपल्या चुलीवरून आणि शेतातल्या हंगामावरून काढावं लागतं.

पहिली चूक: दुसऱ्याचा आकडा घेणं

मिफ्लिन आणि सेंट जिओर यांनी १९९० साली मांडलेलं एक समीकरण आहारतज्ज्ञ आजही वापरतात. किलोतल्या वजनाला १० ने गुणा, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने गुणा, दोन्हींची बेरीज करा आणि त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुषांनी आलेल्या आकड्यात ५ मिळवायचे, बायकांनी १६१ वजा करायचे.

समजा, एक बाई ३८ वर्षांची, १५२ सेंटिमीटर उंच आणि ६८ किलोची आहे. ६८० अधिक ९५०, वजा १९०, वजा १६१, म्हणजे १२७९. दिवसभर खाटेवर पडून राहिली तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत यांच्यासाठी तिच्या शरीराला साधारण इतकं लागतंच. मोबाइलचे १२०० त्याच्याही खाली आहेत, आणि तिला तर पाणी भरायचं आहे, धुणं धुवायचं आहे, गुरांचं बघायचं आहे.

म्हणून या आकड्याला कामाप्रमाणे गुणायचं. घरकाम आणि थोडी ये-जा असेल तर १.४ धरा. तिचा रोजचा खर्च येतो १७९० च्या आसपास. त्यातून ३०० ते ३५० कमी करा. १४५० हे तिचं लक्ष्य झालं. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात, तेव्हा या तुटीनं महिन्याला किलोभर वजन उतरतं. कमी वाटेल, पण ६८ किलोच्या पाच टक्के म्हणजे साडेतीन किलोही होत नाही. तेवढं उतरलं तरी साखर आणि रक्तदाब यांवर चांगला परिणाम दिसू लागतो. तीन-चार महिन्यांत ते जमण्यासारखं आहे.

हंगाम बदलला तरी लक्ष्य तेच ठेवणं

ही आपल्या विदर्भातली सगळ्यात मोठी चूक, आणि शहरातल्या लेखांत ती सापडत नाही, कारण ऑफिसमध्ये बसणाऱ्याचं मार्चमधलं काम आणि नोव्हेंबरमधलं काम सारखंच असतं. आपलं तसं नाही. पेरणी झाली की निंदण, डवरणी. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी. मग कापूस वेचणी, ती थेट उलंगवाडीपर्यंत, म्हणजे शेवटच्या वेचणीपर्यंत. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी, म्हणजे दिवसभर चिखलात कमरेतून वाकून. त्यानंतर उन्हाळ्यात दुपार घरातच जाते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये दिलेल्या शिफारशी बघा. ५५ किलोच्या बाईला बैठ्या कामात दिवसाला १६६० कॅलरी, मध्यम कष्टात २१३० आणि जड कष्टात २७२०. बाई तीच, फरक हजाराहून जास्त. आपल्या उदाहरणातल्या बाईनं वेचणीच्या दिवसांत १.७ नं गुणलं तर खर्च २१७० वर जातो. त्या दिवसांतही ती १४५० वरच राहिली, तर तूट ७०० ची झाली. मजुरी वेचलेल्या किलोवर मिळते. दुपारनंतर हात चालेनासे झाले की पोटासोबत रोजीही जाते.

तेव्हा दोन लक्ष्यं ठेवा. रिकाम्या दिवसांसाठी १४५०, वेचणी-सोंगणीच्या दिवसांसाठी १८५० च्या आसपास. गर्दीच्या हंगामात फार कापू नका. वजन वाढलं नाही एवढंही पुरेसं आहे. उतरवायचं काम फाल्गुन-चैत्रात करा. आणि मोबाइलमध्ये काम 'जड' असं आधीच भरलं असेल, तर पावलांच्या कॅलरी वर मिळवू नका. एकच कष्ट दोनदा धरला जातो.

तेल न मोजणं

पोळ्या कुणीही मोजतं. तेल कुणी मोजत नाही. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात, पिठाच्या ग्रॅममध्ये साडेतीनच्या आत.

आपल्या स्वयंपाकात तेल दिसतं आणि दिसूनही सुटतं. तर्रीच्या वाटीवर लाल थर तरंगतो, तो पोह्यांत जिरतो. वडाभातावर मोहरी-मिरचीचं गरम तेल वरून घेतात, ते भाताच्या हिशोबात कुणी धरत नाही. झुणक्याला, वांग्याच्या भाजीला 'तेल सुटेपर्यंत' परतायचं असतं. पाटवडीचा रस्सा तर तेलाशिवाय रस्सा वाटतच नाही. ही चव सोडा असं मी म्हणणार नाही. पण किती पडतं ते एकदा बघा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर ५ आणि १० मिलिच्या खुणांचं झाकण येतं, ते स्वच्छ धुऊन घ्या. नेहमीच्या पळीनं फोडणी घालायच्या आधी पळीतलं तेल त्या झाकणानं मोजा. ५ मिलि तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी. अशी किती झाकणं एका पळीत मावतात, ते तुमच्या पळीवर आहे.

रोज मोजणं होत नसेल तर पिप्यावर तारीख घाला. १५ किलोचा पिपा ज्या दिवशी फोडला ती तारीख खडूनं लिहून ठेवा. पाच माणसांच्या घरात तो दोन महिन्यांत संपत असेल, तर माणशी रोज ५० ग्रॅम तेल झालं, म्हणजे ४५० कॅलरी. तोच पिपा तीन महिने पुरवला तर माणशी ३३ ग्रॅम, ३०० कॅलरी. दीडशे कॅलरी इथेच वाचल्या, कुणाची भाकर कमी न करता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरीच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलं आहे. तिथे लगेच पोहोचायची घाई नको. आधी पिपा आणखी पंधरा दिवस पुरवून दाखवा. स्वयंपाक सगळ्यांचा एकाच गंजात होतो, त्यामुळे एकट्याचं पथ्य आपल्याकडे टिकत नाही. तेल कमी झालं की सगळ्या घराचं कमी होतं, म्हणून हा बदल मला सगळ्यात भरवशाचा वाटतो.

'एक रोटी' लिहिणं

मोबाइलमध्ये 'एक रोटी' लिहिलं की तो ८० ते १०० कॅलरी धरतो. तो बारीक फुलका झाला. आपली ज्वारीची भाकर हातावर थापलेली, जाड, ताटभर. एकदा किलोभर पीठ वजन करून घ्या आणि नेहमीसारख्या भाकरी करा. तेरा-चौदा झाल्या तर एका भाकरीत ७०-७५ ग्रॅम पीठ गेलं, म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी. दोन भाकरी खाऊन दोनशे लिहिले तर हिशोबात तीनशेची चूक पडते, आणि तूटही नेमकी तेवढीच होती. पीठ, तांदूळ, डाळ कोरडीच मोजा. शिजल्यावर पाणी किती धरलं त्यावर वजन बदलतं.

चहाचं थोडक्यात सांगते. दोन चमचे साखर आणि म्हशीचं दूध असेल तर कप ८० कॅलरीपर्यंत जातो. घरचे दोन, शेतात मजुरांसोबत एक, पाहुणा आला की एक. सव्वातीनशे झाले. साखर अर्ध्यावर आणली तरी बऱ्यापैकी फरक पडतो.

उपास आणि उरलेलं

उपासाच्या दिवशी लक्ष्य आपोआप सांभाळलं जातं असा समज आहे. १०० ग्रॅम साबुदाण्याच्या ३५०, मूठभर दाण्याच्या कुटाच्या १७०, तेलाच्या १३५. एका माणसाची साबुदाण्याची उसळ (खिचडी) साडेसहाशेवर गेली, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच. उपास करायचा तर श्रद्धेनं करा, वजनासाठी करू नका. फराळात दही, ताक, दूध, फळ यांचं प्रमाण वाढवा.

उरलेल्याबद्दल मात्र घरातल्या सगळ्यांशी बोलायला हवं. आपल्याकडे बाई शेवटी जेवते. पोराच्या ताटातली अर्धी पोळी, तळाचा भात, भाजीचा शेवटचा घास 'टाकायचा कशाला' म्हणून तिच्याच पोटात जातो, आणि तो तिच्या हिशोबात कधी येत नाही. तिनं आपलं ताट सगळ्यांसोबत आधीच वाढून घ्यावं. उरलं तर रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात होतो, तो सगळ्यांनी वाटून खावा.

फक्त कापत जाणं

भाकर अर्धी केली, वरण पातळ केलं, म्हणजे कॅलरीबरोबर प्रथिनंही गेली. मग चरबीसोबत स्नायूही उतरतात, थकवा येतो आणि भूक आवरत नाही. १४५० कॅलरीत ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं बसवायची असतील तर वरण घट्ट हवं, पाणी मारलेलं नको. तुरीच्या १०० ग्रॅम डाळीत २२ ग्रॅम प्रथिनं असतात. हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची भाजी होते, हरभऱ्याची उसळ आहे, अंडं आहे. आणि सोयाबीन! पोतीच्या पोती आपण बाजार समितीत नेतो आणि घरात दाणाही ठेवत नाही, याचं मला वाईट वाटतं. ३० ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत सुमारे १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि कॅलरी जेमतेम शंभर. नेहमीच्या रश्श्यात वांग्याबरोबर त्या छान लागतात. शेतातलं सोयाबीन वापरायचं तर नीट भिजवून, पूर्ण शिजवूनच खा, कच्चं नको.

कुणी हा हिशोब आपल्या मनानं करू नये

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढत्या वयाची मुलं-मुली यांनी कॅलरी कापू नयेत. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि जेवण अचानक कमी केलं, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांना सांगा, औषधाचं प्रमाण बदलावं लागेल. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बऱ्याच घरांत आहे. त्या रुग्णांनी कडक उपास आणि उन्हात पाण्याविना राहणं टाळायलाच हवं. आणि काहीही न करता वजन घटत असेल तर आनंद मानत बसू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्या.

वजन हलत नसेल तर

रोज काट्यावर उभं राहू नका. उपकेंद्रात असो की घरी, काटा एकच ठेवा. आठवड्यातून एक दिवस, सकाळी, काही खाण्याआधी. पाळीच्या आधी दीड-दोन किलो पाणी अंगात साठू शकतं, ते चरबी समजू नका. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की दोन दिवसांत किलोभर वजन उतरलेलं दिसतं. तो घाम असतो. पाणी प्यायलं की परत येतं, आणि यायलाच हवं. त्याच दिवसांत आमरस, सरगुंडे, उसाचा रस, साखरेचं सरबत सुरू होतं, तेही लिहा.

काट्याबरोबर कंबर मोजा. शिंप्याची टेप बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत ती असावी. वजन अडलं आणि कंबर सैल होत असेल तर काहीच बदलू नका.

चार आठवडे दोन्ही जागचे हलले नाहीत, तर लक्ष्य कमी करण्याआधी तीन दिवस सगळं लिहून काढा, त्यात एक दिवस बाजाराचा धरा. आठवडी बाजारातला आलुबोंडा आणि चिवडा बहुतेक वेळा तिथे सापडतो. महालक्ष्म्यांचं जेवण किंवा रोडग्यांची पंगत मात्र निवांत जेवा, तो एक दिवस महिन्याच्या हिशोबात विरून जातो. लिहूनही काही सापडलं नाही तरच १०० कॅलरी कमी करा आणि पुन्हा चार आठवडे थांबा. चार-पाच किलो उतरल्यावर नव्या वजनानं समीकरण परत मांडा, कारण हलक्या शरीराला कमी लागतं. आणि ठरवलेलं वजन आलं की तूट लगेच पूर्ण भरून काढू नका. आधी दीडशे कॅलरी वाढवा, दोन आठवडे काटा बघा, मग पुढच्या दीडशे.