सोनोग्राफी करताना स्क्रीनवर काय पाहायचं

‘चार सोनोग्राफ्या झाल्या, बाळाच्या डोक्यावर परिणाम तर होणार नाही ना?’ सोनोग्राफ्या मोजून याचं उत्तर मिळत नाही. कोणता मोड (यंत्राची पद्धत) वापरला, प्रोब (पोटावर फिरवतात ते उपकरण) एका जागी किती वेळ राहिला आणि तपासणी कशासाठी होती, हे विचारा. यात एक्स-रेसारखे किरण नसतात, ध्वनिलहरी असतात. त्या शरीरात शोषल्या जातात तेव्हा थोडी उष्णता तयार होते. मेंदूला मुख्यतः जपायचं ते या उष्णतेपासून.

तपासणी चालू असताना स्क्रीनच्या कडेला ‘टीआय’ आणि ‘एमआय’ असे दोन आकडे दिसतात. एमआय म्हणजे मेकॅनिकल इंडेक्स, लहरींच्या दाबाच्या परिणामाचा अंदाज. उष्णतेसाठी पाहायचा तो टीआय, म्हणजे थर्मल इंडेक्स. तो 1 असेल तर त्या सेटिंगवर तापमान साधारण 1 अंश सेल्सिअस वाढू शकतं. शेवटच्या पाळीपासून 10 आठवड्यांपर्यंत टीआयएस (मऊ ऊतींसाठीचा टीआय) पाहायचा, त्यानंतर टीआयबी (हाडांसाठीचा), कारण हाड जास्त उष्णता शोषतं आणि मेंदू कवटीला लागूनच असतो. ब्रिटनच्या मेडिकल अल्ट्रासाउंड सोसायटीची मर्यादा अशी: 0.7 पर्यंत वेळेचं बंधन नाही, 1 पर्यंत 60 मिनिटं, 1.5 पर्यंत 30, 2 पर्यंत 15, 2.5 पर्यंत 4. तीनच्या वर आकडा जाऊच नये.

साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात लहरी सतत सरकत असतात, म्हणून टीआय सहसा कमीच असतो. पल्स्ड डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह मोजायच्या आणि ठोके ऐकवायच्या मोडमध्ये, त्या एकाच ठिकाणी रोखलेल्या असतात. गडबड होते ती सातव्या-आठव्या आठवड्यात, ‘ठोके ऐकवा ना’ म्हणून घरचे आग्रह धरतात तेव्हा. ठोके मोजायला एम-मोड पुरतो. तिथे आवाज येत नाही, पडद्यावर हृदयाच्या हालचालीची लाट उमटते. तेच मागा. 11 ते 13 आठवडे 6 दिवसांच्या तपासणीत डॉपलरची खरंच गरज पडली, तर टीआय 1 किंवा त्याखाली ठेवून तो पाच-दहा मिनिटांत उरकावा.

अंगात ताप असेल तर आधीच सांगा. आईचं तापमान चढलेलं असताना बाळाच्या उष्णतेची सुरुवातच वरून होते. गरजेची तपासणी त्यासाठी टाळू नका, आटोपशीर करून घ्या.

संशोधन काय म्हणतं? 2006 साली येल विद्यापीठाच्या प्रयोगात, गाभण उंदरांवर अर्ध्या तासाहून जास्त लहरी सोडल्यावर पिल्लांच्या मेंदूतल्या काही पेशी ठरलेल्या जागी पोहोचल्या नाहीत. पण उंदराचा इवलासा मेंदू आणि आईच्या पोटातलं बाळ यांची थेट तुलना होत नाही. नॉर्वेतल्या 1979 ते 1981 च्या सोनोग्राफीच्या चाचण्यांतली मुलं शाळेत मागे पडली नाहीत. मुलग्यांत डावखुरेपणाचा किंचित कल मात्र दिसला. 2018 साली बॉस्टनमधल्या अभ्यासात ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांच्या सोनोग्राफ्या इतर आयांपेक्षा जास्त झालेल्या नव्हत्या, त्यांचा वेळही जास्त नव्हता. हे दिलासादायक आहे, पण एक मेख आहे: 1990 च्या दशकात अमेरिकेत गर्भासाठी परवानगी असलेली लहरींची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला 94 वरून 720 मिलिवॉटपर्यंत वाढली. जुन्या चाचण्यांतली यंत्रं मंद होती, म्हणून डॉपलरबाबत सावधगिरी हवीच.

बाळाचे ठोके ऐकायचं, ऑनलाइन मिळणारं घरगुती डॉपलर यंत्र घेऊ नका. बाळाची हालचाल मंदावलेली असताना आईच्याच नाडीचा ठोका ऐकून ‘बाळ बरं आहे’ असं वाटतं आणि दवाखाना गाठायला उशीर होतो.