लिनक्स डेस्कटॉपवर आवाज गेला? या चुका टाळा

ओळखीतल्या कुणाच्या लिनक्स कॉम्प्युटरचा आवाज गेला की मला फोन येतो, आणि त्या फोनवरचं दुसरं वाक्य जवळजवळ नेहमी तेच असतं: "बरंच काही करून पाहिलं." मला काळजी वाटते ती या 'बरंच काही'ची. आवाज न येण्याचं मूळ कारण बहुतेक वेळा किरकोळ असतं. भलतंच आउटपुट निवडलेलं असतं, एखादा चॅनल म्यूट असतो, नाहीतर स्पीकरची पिन चुकीच्या भोकात असते. पण मी पोचेपर्यंत त्यावर दोन-तीन नवी दुखणी चढलेली असतात आणि आधी ती उतरवावी लागतात.

उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा या लिनक्सच्या प्रकारांपैकी काहीही वापरत असाल तरी पुढचं बरंचसं लागू पडेल. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायची.

आवाज कुठे चाललाय ते न बघता दुरुस्तीला लागणं

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो. त्यामुळे मॉनिटर जोडला की लिनक्सला एक नवं साउंड आउटपुट दिसतं. बऱ्याच मॉनिटरना स्पीकर नसतात, पण मागे हेडफोनचं भोक असतं, म्हणून ते कॉम्प्युटरला आपण आवाज घेऊ शकतो असं कळवतात. मग सिस्टिम आवाज तिकडे वळवते. व्हॉल्यूमची पट्टी हलते, गाणं पुढे सरकतं, आणि खोलीत काहीच ऐकू येत नाही.

आमच्या सोसायटीत इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला एक मुलगा आहे. असेंबल केलेला रायझन २२००जी प्रोसेसरचा कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स मिंट २२. जुना मॉनिटर व्हीजीए केबलवर चालायचा, आणि त्या केबलमधून आवाज जातच नाही. नवा मॉनिटर एचडीएमआयवर लावला आणि त्याच संध्याकाळी आवाज बंद. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन प्रेझेंटेशन. त्याने मोबाइलवर शोधून एक जुना उपाय काढला: अल्सा-बेस आणि पल्सऑडिओ ही आवाजाची पॅकेजं पर्ज करा (सेटिंगसकट काढून टाका), पुन्हा बसवा, रिस्टार्ट करा. पल्सऑडिओ बसवायची कमांड दिल्यावर एपीटीने (पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रामने) स्पष्ट दाखवलं की त्यासाठी पाइपवायर या सध्याच्या आवाजाच्या प्रणालीची काही पॅकेजं काढावी लागतील. त्याने यादी न वाचता वाय, म्हणजे 'हो', दाबलं. रात्री उशिरा फोन आला, "दादा, साउंड कार्ड उडालंय. यूएसबीवालं मागवून टाकू?" मी म्हटलं, "काही मागवू नकोस, आणि मी येईपर्यंत आता काही टाइपही करू नकोस."

गेलो तेव्हा एकाच कामासाठी दोन साउंड सर्व्हर (सगळ्या अ‍ॅपचे आवाज एकत्र करणारे प्रोग्राम) झगडत होते. पल्सऑडिओ नव्याने बसलेला होता आणि पाइपवायरचा जो भाग पल्सऑडिओच्या जागी काम करतो, तोही चालू होता. व्हॉल्यूमचं चिन्ह कधी दिसायचं, कधी गायब व्हायचं. अशा वेळी आठवणीवर विसंबू नये, लॉग उघडावा. /व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग या फाइलमध्ये कुठली कमांड कधी दिली, त्यात कुठलं पॅकेज बसलं आणि कुठलं निघालं, हे सगळं तारीख-वेळेसह असतं. ती वाचून पाइपवायरची निघालेली पॅकेजं परत बसवली, पल्सऑडिओ काढला आणि मशीन पुन्हा चालू केलं. मग साउंड सेटिंग्ज उघडली. आउटपुटच्या यादीत एचडीएमआयची ओळ निवडलेली होती. खालची 'फॅमिली १७एच/१९एच एचडी ऑडिओ कंट्रोलर' अशी ओळ निवडली आणि स्पीकर बोलू लागले. मदरबोर्डवरच्या अ‍ॅनालॉग आवाजाला तिथे असंच नाव असतं. ते वाचून कुणाला स्पीकर आठवणार नाही हे मला मान्य आहे, म्हणूनच यादीतली प्रत्येक ओळ निवडून बघायची. तेवढं आधी केलं असतं तर पोराला शांत झोप मिळाली असती.

म्हणून माझी पहिली सवय अशी: 'पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल' हे छोटं अ‍ॅप उघडायचं. पॅकेजचं नाव पाव्हूकंट्रोल. नावात पल्सऑडिओ असलं तरी ते पाइपवायरवरही नीट चालतं. गाणं चालू ठेवून प्लेबॅकचा टॅब बघायचा. ब्राउझरच्या नावाखाली पट्टी हलतेय का? नसेल तर गडबड ब्राउझरमध्ये आहे. टॅब म्यूट असेल. हलत असेल, तर त्याच ओळीत आवाज कुठल्या आउटपुटला जातोय तेही लिहिलेलं असतं. प्रत्येक अ‍ॅपचं आउटपुट वेगळं असू शकतं आणि सिस्टिम ते लक्षात ठेवते, त्यामुळे 'व्हीएलसीत येतो, फायरफॉक्समध्ये येत नाही' या तक्रारीचं उत्तर बहुतेक इथेच सापडतं. शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये कार्डाचं प्रोफाइल 'ऑफ' नाही ना, हेही बघून घ्यायचं. या सगळ्यात सिस्टिममध्ये एक अक्षरही बदलत नाही, म्हणून मी सुरुवात नेहमी इथून करतो.

जुन्या कमांड डोळे मिटून चिकटवणं

वरच्या गोष्टीतली दुसरी चूक ही. लिनक्समधला आवाजाचा डोलारा गेल्या वीस वर्षांत पुनःपुन्हा बदललाय. सगळ्यात खाली अल्सा आहे. हार्डवेअरशी बोलणारे ड्रायव्हर त्यातच असतात, आणि २००३ मध्ये आलेल्या २.६ कर्नेलपासून तो कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग आहे. त्याच्यावर वेगवेगळ्या अ‍ॅपचे आवाज एकत्र करणारा सर्व्हर बसतो. लेनार्ट पोएटरिंगचा पल्सऑडिओ फेडोरामध्ये २००७ साली आला आणि पुढे जवळपास सगळीकडे पसरला. मग विम टायमन्सचा पाइपवायर आला. फेडोरा ३४ ने २०२१ मध्ये, उबुंटूने २२.१० पासून आणि मिंटने २०२४ च्या २२ व्या आवृत्तीपासून तो मुख्य केला. २०१२ साली लिहिलेला उपाय २०१२ साली बरोबरच असेल. पण तो ज्या रचनेसाठी होता ती आज तुमच्या मशीनवर नाही.

नवशिक्यांचा मला राग येत नाही, त्यांच्या घाईचा येतो. ज्या कमांडमध्ये रिमूव्ह किंवा पर्ज आहे ती अर्थ कळल्याशिवाय चालवू नका, आणि एपीटी यादी दाखवून थांबतो तेव्हा ती यादी वाचा. प्रश्न विचारताना थांबणारं सॉफ्टवेअर तुमचं नुकसान टाळायला बघत असतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि फरक पडला नाही तर ती पूर्ववत करा. मिंटमध्ये सिस्टिमची आधीची अवस्था जपून ठेवणारं टाइमशिफ्ट आहे. काहीही बसवण्या-काढण्याआधी त्यात एक स्नॅपशॉट घ्यायची मला सवय आहे.

सर्व्हर अडकलाय असं वाटलं तर तो नुसता पुन्हा चालू करता येतो: सिस्टिमसीटीएल --युजर रिस्टार्ट पाइपवायर पाइपवायर-पल्स वायरप्लंबर. यातला वायरप्लंबर म्हणजे पाइपवायरचा व्यवस्थापक. कमांडच्या सुरुवातीला सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द) लावायचं नाही.

सुडो लावून आवाज दुरुस्त करणं

साउंड सर्व्हर तुमच्या लॉगिनमध्ये, तुमच्या नावाने चालतो. रूट (सर्वाधिकारी युजर) होऊन पल्सऑडिओ चालवलं की होममधल्या, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरातल्या, .कॉन्फिग फोल्डरातलं पल्स नावाचं फोल्डर रूटच्या मालकीचं होऊन बसू शकतं, आणि मग तुमचाच सर्व्हर स्वतःच्या फाइली वाचू शकत नाही. एलएस -एल करून मालक बघा. रूट दिसलं तर सीएचओन या मालक बदलायच्या कमांडने फोल्डर आपल्या नावावर परत आणा. स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घालण्याचा सल्लाही अजून फिरतो. आजच्या डेस्कटॉपवर त्याची गरज नाही.

अल्सामिक्सर उघडून 'सगळं शंभर आहे' म्हणणं

ही चूक हुशार लोकही करतात. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर चालवलं की बहुतेक ठिकाणी एकच मास्टरची पट्टी दिसते, तीही शंभरवर. लोक म्हणतात, इथे सगळं ठीक आहे, आणि बाहेर पडतात. पण ती पट्टी वरच्या सर्व्हरची असते, तुमच्या कार्डाची नसते. एफ६ दाबा, यादीतून खरं कार्ड निवडा. आता फ्रंट, हेडफोन, लाइन आउट, पीसीएम अशा पट्ट्या दिसतील. पट्टीखाली ००, म्हणजे चॅनल चालू. एमएम, म्हणजे म्यूट. बाणांनी त्या पट्टीवर जा आणि एम दाबा. यादीत दोन कार्डं असतील तर एक ग्राफिक्स कार्डाचं एचडीएमआय असतं. तिथे एसपीडीआयएफ (डिजिटल आउटपुट) एवढंच दिसलं तर तुम्ही चुकीच्या कार्डावर आहात.

त्याच पडद्यावर उजवीकडे सरकत गेलात तर ऑटो-म्यूट मोड सापडेल. हेडफोन लावला की मागचे स्पीकर बंद करणं हे त्याचं काम. एका छापखान्यातल्या कॉम्प्युटरवर मागच्या हिरव्या भोकातून काही केल्या आवाज येत नव्हता. नवा मदरबोर्ड जुन्या कॅबिनेटमध्ये बसवला होता, आणि त्या कॅबिनेटचं पुढचं पॅनल एसी'९७ या जुन्या ऑडिओ मानकाच्या काळातलं होतं. त्या जातीच्या पॅनलमध्ये पिन लागली की नाही हे ओळखायची सोय नसते. एचडी ऑडिओच्या हेडरला (मदरबोर्डवरच्या पिनांच्या जोडणीला) ते जोडल्यावर मदरबोर्डला वाटत राहिलं की पुढे हेडफोन कायम लावलेला आहे. तिथल्या माणसाने तोवर स्पीकरचा नवा जोड आणला होता. आधी मी ऑटो-म्यूट डिसेबल्ड केला. आवाज लगेच आला. मग कॅबिनेट उघडून पुढच्या पॅनलची वायर हेडरवरून काढून ठेवली, कारण पुढचं भोक तिथे कुणी वापरतच नव्हतं. काही बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) फ्रंट पॅनल एचडी की एसी'९७ असा पर्यायही असतो. पुढचं भोक हवं असेल तर आधी तो बदलून बघा.

'डमी आउटपुट' दिसल्यावर व्हॉल्यूमशी खेळत बसणं

सेटिंग्जमध्ये फक्त डमी आउटपुट असेल तर सर्व्हरला वापरण्यासारखं एकही आउटपुट मिळालेलं नाही. तिथे कुठलीही पट्टी हलवून उपयोग नाही. एप्ले -एल चालवा. कार्डांची यादी आली तर कर्नेलला हार्डवेअर दिसतंय आणि गडबड वरच्या थरात आहे. एकही साउंड कार्ड सापडलं नाही असं उत्तर आलं तर बायॉसमध्ये ऑनबोर्ड ऑडिओ बंद झालाय का ते बघा. बायॉस अपडेटनंतर किंवा मदरबोर्डचा सेल बदलल्यावर सेटिंग बदललेली असू शकते. कर्नेल अपडेटनंतर आवाज गेला असेल तर ग्रबच्या (कॉम्प्युटर चालू होताना येणाऱ्या) मेनूतून जुना कर्नेल निवडून चालू करा. त्यावर आवाज आला तर दोषी सापडला, आणि दुरुस्त कर्नेल येईपर्यंत जुन्यावर काम चालवता येतं. इंटेलच्या काही नव्या मशीनना, विशेषतः लॅपटॉपना, साउंड चिपसाठी एसओएफ फर्मवेअरचं पॅकेज लागतं. डेबियनमध्ये त्याचं नाव फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड.

थोडक्यात सांगण्यासारख्या

मागची भोकं: हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं लाइन-इनचं. टॉर्च घेऊन बघा, हाताने चाचपून लावू नका.

स्पीकर आधी मोबाइलला लावून तपासा. वायर तुटलेली असेल तर बाकी सगळी मेहनत वाया जाते.

विंडोजही त्याच मशीनवर असेल तर तिथला फास्ट स्टार्टअप बंद ठेवा. तो साउंड चिपला अर्धवट अवस्थेत सोडू शकतो. शंका आली तर पूर्ण शटडाउन करून, मागची वायर काढून, थोडं थांबून पुन्हा चालू करा.

आवाज गेला म्हणून अख्खी सिस्टिम पुन्हा बसवणं मला अजिबात पटत नाही. त्याऐवजी लाइव्ह यूएसबीवरून (काहीही न बसवता पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सने) कॉम्प्युटर चालू करा. तिथे आवाज आला तर हार्डवेअर ठणठणीत आहे आणि बिघाड तुमच्या सेटिंगमध्ये आहे. मग होममधल्या .लोकल, त्यातल्या स्टेट या फोल्डरात वायरप्लंबर नावाचं फोल्डर असतं, त्याचं नाव बदलून पुन्हा लॉगिन करा. आवाजाच्या जुन्या निवडी विसरल्या जातील, आणि नाव बदललेलं असल्याने हवं तेव्हा त्या परतही आणता येतील.

आणि कुणाला मदत मागाल तेव्हा नुसतं 'आवाज येत नाही' लिहू नका. आयएनएक्सआय -ए (हा ए कॅपिटल) आणि एप्ले -एल या दोन कमांडची उत्तरं फोटो न काढता कॉपी करून द्या. आवाज कधीपासून गेला आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं तेही लिहा: नवा मॉनिटर, अपडेट, कॅबिनेटची साफसफाई, काहीही. बिघाडाचा धागा मला बहुतेकदा त्याच ओळीत सापडलाय.