पाडव्याच्या डहाळीला फुले आहेत का? सोलापुरात ऋतुनोंदींसाठी वृत्तपत्र आणि रेडिओ कसे वापरावेत

कडुनिंब कधी फुलतो, असे सोलापुरात कोणालाही विचारले तर उत्तर लगेच मिळते, पण ते तारखेत मिळत नाही. ‘पाडव्याच्या सुमारास’ एवढेच सांगितले जाते, आणि पाडवा तर दर वर्षी सरकतो. २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. तीन वर्षांत सण तीन आठवड्यांनी अलीकडे आला. झाडाला मात्र अधिक महिना ठाऊक नसतो. उन्हाळा लवकर सुरू होतो आहे की काय, पाऊस लांबला की फुलोराही लांबतो का, यांसारख्या प्रश्नांना उत्तर द्यायचे असेल तर अनेक वर्षांच्या, अनेक झाडांच्या तारखा हाताशी असाव्या लागतात. एवढ्या तारखा दोन-चार निसर्गप्रेमी गोळा करू शकत नाहीत. त्यासाठी शहराने पाहावे लागते, आणि शहराला पाहायला सांगण्याचे काम आजही स्थानिक दैनिक आणि रेडिओ चांगले करतात. ते त्यांच्याकडून कसे करून घ्यावे, याविषयी अनुभवातून जे कळले ते येथे मांडले आहे.

पहिले काम प्रश्न निवडण्याचे आहे, आणि बहुतेक उपक्रम तेथेच फसतात. ‘निसर्गातील बदल टिपा’ हे आवाहन निबंधस्पर्धेला शोभते; वाचक ते वाचतो आणि पान उलटतो. प्रश्न एकच असावा, त्याचे उत्तर घराच्या गॅलरीतून किंवा कामावर जाता-जाता देता यावे, आणि ज्या झाडाविषयी तो विचारला आहे ते ओळखण्यात कोणाची चूक होऊ नये. सोलापुरात या तिन्ही कसोट्यांना कडुनिंब उतरतो. पाडव्याच्या दिवशी मराठी घरांत गुढीला त्याची डहाळी बांधतात आणि कोवळा पाला गुळाबरोबर खातात, कन्नड घरांत ‘बेवु-बेल्ल’ (कडुनिंब आणि गूळ) होते, आणि शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत उगादीच्या, म्हणजे याच सणाच्या, पच्चडी नावाच्या पदार्थात कडुनिंबाची फुलेच लागतात. म्हणजे त्या एका दिवशी हजारो हात या झाडाच्या फांदीपर्यंत पोहोचलेले असतात. त्या हातांना फक्त एवढेच विचारायचे असते की फुले दिसली की नाही.

येथे आमची एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षी आम्ही विचारले होते, ‘आपण आणलेल्या डहाळीला फुले होती का?’ पूर्व भागातून जवळपास प्रत्येकाने ‘हो’ असे कळवले आणि आम्ही हरखून गेलो. नंतर एका आजींनी सहज सांगितले की दाराजवळच्या झाडाला फुले नव्हती, म्हणून नातवाला तीन गल्ल्या पलीकडे पाठवावे लागले. पच्चडीसाठी माणूस फुललेले झाड शोधूनच काढतो, त्यामुळे त्याचे उत्तर ‘हो’ असेच येणार. पुढच्या वर्षापासून प्रश्न बदलला: ‘आपल्या घराला सर्वांत जवळ असलेला कडुनिंब पाहा.’ शब्द थोडे बदलले, पण नोंदींना अर्थ आला. वृत्तपत्रात जाणारा प्रश्न आधी आपल्या गल्लीतल्या पाच जणांना विचारून पाहावा, असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

दुसरे काम बातमीला निमित्त देण्याचे. उपसंपादक नेहमी विचारतो की आज यात नवे काय आहे, आणि त्याचे ते विचारणे रास्त आहे. जपानने या प्रश्नाचे उत्तर फार छान शोधले आहे. तेथील हवामान संस्था प्रत्येक प्रदेशात चेरीचे एक नमुना झाड ठरवते. टोकियोचे झाड यासुकुनी मंदिराच्या आवारात आहे. त्या झाडावर पाच-सहा फुले उमलली की कर्मचारी फुलोरा सुरू झाल्याचे जाहीर करतो, आणि त्या क्षणाची वाट पाहत दूरचित्रवाणीचे कॅमेरे उभे असतात. आपल्याला एवढा थाट नको, पण शहरासाठी एक नमुना कडुनिंब ठरवायला काहीच हरकत नाही. सिद्धेश्वर तलावाच्या परिसरात किंवा एखाद्या शाळेच्या आवारात, जेथे छायाचित्रकाराला दुचाकी लावून दोन मिनिटांत पोहोचता येईल, असे झाड निवडावे. विजेच्या तारांखालचे झाड मात्र टाळावे, कारण त्याच्या फांद्या छाटल्या जातात आणि वर्षावर्षांची तुलना बिघडते. ‘शहराच्या कडुनिंबाला पहिली फुले आली, तुमच्या दारच्या झाडाचे काय?’ ही बातमी छापायला कोणत्याही शहर पानावर जागा निघते.

प्रसिद्धिपत्रक दीडशे शब्दांच्या आत असावे आणि प्रश्न पहिल्याच वाक्यात यावा. संस्थेचा इतिहास, अध्यक्षांचे नाव, उपस्थितांची यादी या गोष्टी शेवटी टाकाव्यात किंवा टाकूच नयेत. जागा कमी पडली की शेपूट कापले जाते, आणि कापले जावे असे काही असेल तर ते हेच आहे. आमचा मजकूर साधारण असा असतो:

‘पाडव्याच्या दिवशी आपल्या घराजवळच्या कडुनिंबाला फुले आहेत की नुसता पाला? सर्वांत जवळचे झाड पाहा आणि चार गोष्टी कळवा: झाड कोणत्या पेठेत किंवा नगरात आहे, आपण ते कोणत्या तारखेला पाहिले, फुले काहीच नाहीत, थोडी आहेत की पुष्कळ आहेत, आणि हेच झाड पुढच्या आठवड्यात पुन्हा पाहणार का. फुले नसतील तरीही अवश्य कळवा.’

यातले शेवटचे वाक्य उडवले जाऊ नये म्हणून वार्ताहराला फोन करून सांगावे लागते. लोकांना वाटते की फूल नाही म्हणजे कळवण्यासारखे काही नाही. पण १० मार्चला फूल नव्हते आणि १७ मार्चला होते, या दोन नोंदी मिळूनच फुलोऱ्याची वेळ कळते. तारखेचेही तसेच आहे. बातमी रविवारी आली की निरोपांचा पूर सोमवारी येतो, आणि निरोपाची तारीख हीच निरीक्षणाची तारीख धरली तर सारे सोलापूर सोमवारी फुलले असा निष्कर्ष निघतो. म्हणून पाहिल्याची तारीख वेगळी विचारावी, आणि बातमी ज्या दिवशी छापून आली तो दिवस आपल्या वहीत लाल शाईने लिहून ठेवावा.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून ईमेलमध्येच लिहावा. लेटरहेडचा फोटो पाठवला तर कोणाला तरी तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि संध्याकाळच्या गर्दीत तेवढा वेळ कोणाकडे नसतो. दुपारपर्यंत तो पोहोचलेला बरा. छायाचित्र व्हॉट्सअॅपवरून पाठवायचे असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, नाहीतर त्याचा दर्जा उतरतो. ‘संचार’सारखे सोलापुरातूनच निघणारे दैनिक आणि मोठ्या दैनिकांच्या सोलापूर आवृत्त्या, दोघांनाही एकाच वेळी पाठवावे, एकालाच आधी दिल्याचा रुसवा पुढे वर्षभर पुरतो.

छायाचित्राखालची ओळ स्वतः लिहून द्यावी, कारण चुकीचे छायाचित्र छापले गेले की पुढच्या सगळ्या नोंदी चुकीच्या येतात. बहाव्याच्या बाबतीत हे हमखास घडते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या रस्त्यांवर पिवळी फुले दिसतात ती पुष्कळदा सोनमोहोराची असतात. बहाव्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात आणि त्याच्या शेंगा हातभर लांब, गोल, काळपट दांड्यासारख्या असतात. सोनमोहोराचे तुरे वर उभे राहतात, पाने चिंचेसारखी बारीक असतात आणि शेंगा चपट्या, तांब्याच्या रंगाच्या असतात. एका दैनिकाने सोनमोहोराचे छायाचित्र बहावा म्हणून छापले होते. ते आम्हीच ओळीशिवाय पाठवले होते, त्यामुळे तक्रार करण्याचे तोंड नव्हते. आता दोन्ही झाडांची छायाचित्रे शेजारी-शेजारी देऊन चौकट करायची विनंती आम्ही करतो, आणि ती चौकट कात्रण करून ठेवली जाते.

रेडिओचा उपयोग वेगळा आहे. आकाशवाणी सोलापूरचा श्रोता बराचसा ग्रामीण आहे, आणि ऋतूच्या नोंदी शहरवासीयांपेक्षा त्याच्या तोंडी अधिक असतात. त्याला कडुनिंबाऐवजी मृगाचा किडा विचारावा: पहिल्या पावसानंतर तो लाल मखमली किडा बांधावर कोणत्या तारखेला दिसला? मृग नक्षत्र ७-८ जूनला लागते, त्यामुळे ‘मृगाच्या आधी की नंतर’ असा प्रश्न त्याच्या हिशेबात चपखल बसतो. हिवाळ्यात हुरड्याच्या दिवसांत भोरड्या पक्ष्यांचे थवे ज्वारीवर कधी उतरले, हे विचारावे. गोफण घेऊन उभ्या असलेल्या राखणदाराइतका चांगला निरीक्षक दुसरा नाही, आणि आजवर त्याला कोणी विचारलेले नसते. रेडिओवर फोन क्रमांक दोनदा, सावकाश सांगावा आणि लिहून पाठवण्याऐवजी आवाजी संदेश चालेल हे स्पष्ट करावे. शहरातही आवाजी संदेशामुळे तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी घरे सामील होतात. वेप, बेवु, नीम ही नावे आवाहनातच घातली की आपल्यालाही विचारले आहे हे त्यांना कळते.

निरोप येण्यासाठी वेगळे सिमकार्ड घ्यावे, आणि ते कोणाकडे राहील हे बातमी छापण्याआधी ठरवावे. प्रत्येकाला त्याच दिवशी दोन ओळींचे उत्तर गेले पाहिजे. मुलांची नावे आणि छायाचित्रे पालकांना विचारल्याशिवाय छापायला देऊ नयेत. नोंदी वहीत कुजू नयेत म्हणून झाडांच्या नोंदी ‘सीझनवॉच’ या २०१० पासून चाललेल्या देशव्यापी उपक्रमात भराव्यात. केरळात याच उपक्रमाला ‘मातृभूमी’ दैनिकाच्या ‘सीड’ या शालेय कार्यक्रमाची साथ मिळाली आणि शाळाशाळांतून झाडे पाहिली गेली. पक्ष्यांच्या नोंदींसाठी ‘ईबर्ड’ हे संकेतस्थळ आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरातील दुर्मीळ पक्षी किंवा कोणतेही घरटे यांची जागा मात्र बातमीत कधीही देऊ नये, मग वार्ताहर कितीही ओळखीचा असो.

वेळ साधणे हे अर्धे काम आहे. संक्रांतीच्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेत, शहर पान नंदीध्वजांनी भरलेले असते आणि आषाढीत जिल्ह्याचे पान पालख्यांनी. त्या दिवसांत आपले पत्रक पाठवून हिरमुसले होण्यात अर्थ नाही. उलट ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह सोलापूरसाठी हक्काचा आहे, कारण त्याची सुरुवात निसर्गलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनी होते आणि त्यांचा जन्म १९३२ मध्ये याच शहरात झाला. त्या आठवड्यात संपादक स्वतःच मजकूर शोधत असतात. तेव्हा ‘धोबी पक्षी तुमच्याकडे आला का, पहिल्यांदा कधी दिसला?’ एवढा एक प्रश्न तयार ठेवावा.

आणि उत्तर परत छापून आणावे. पुष्कळ उपक्रमांत हेच राहून जाते आणि दुसऱ्या वर्षी निरोप निम्म्यावर येतात. पाडव्यानंतर दहा दिवसांच्या आत, कोणत्या पेठेत किती झाडांना फुले होती आणि किती झाडांना नव्हती, एवढा छोटा नकाशा आणि कळवणाऱ्या काही जणांची नावे त्यांच्या संमतीने त्याच पानावर आली पाहिजेत. बातमीचे कात्रण आणि त्या वर्षीच्या नोंदी एकाच फायलीत लावाव्यात. २०२७ चा पाडवा ७ एप्रिलला आहे. झाड मात्र त्याच्या आधी कधी तरी फुलायला लागेल, म्हणून त्या वर्षीचे पहिले पत्रक फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातच पाठवायचे आहे.