परदेशी नेमणुकीवर निघालेल्या लष्करी कुटुंबाची तयारी : मराठवाड्यातील घरांसाठी

लष्करातील व्यक्तीची नेमणूक परदेशातील भारतीय दूतावासात किंवा भूतानमधील भारतीय लष्करी प्रशिक्षण पथकात झाली आणि कुटुंब सोबत नेण्याची परवानगी मिळाली, की घरात पहिली चर्चा बॅगांची सुरू होते. वास्तविक बॅगा शेवटच्या पंधरवड्यात भरून होतात. महिने लागतात ते नावांच्या आणि गावांच्या नोंदी एकसारख्या करून घेण्यासाठी. म्हणून आदेश हाती येताच त्यात कुटुंबाचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे प्रथम पाहावे (संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाणाऱ्या पलटणींबरोबर सहसा कुटुंब जात नाही) आणि त्याच आठवड्यात घरातील प्रत्येकाची कागदपत्रे समोर मांडून ती एकमेकांशी ताडून पाहावीत.

ताडून पाहताना प्रमाण मानावी ती पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटने काढलेला वैयक्तिक नोंदींचा अधिकृत आदेश, कारण लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद सेवापुस्तिकेत तिच्यावरूनच चढते. पत्नीचे नाव तेथे एक, आधार कार्डावर दुसरे आणि दहावीच्या सनदेवर माहेरचे, असा प्रकार आपल्याकडे घरोघरी आढळतो. सेवा नोंदीतील दुरुस्ती युनिटमार्फत रेकॉर्ड ऑफिसपर्यंत जाऊन परत येते, त्यामुळे ती सर्वांत आधी सुरू करावी आणि आधार, पॅन यांतील बदल तिच्या पाठोपाठ करावेत. 1 मे 2024 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्याच्या निर्णयानुसार आईचेही नाव येते, हे युनिटमधील लिपिकाला ठाऊक असेलच असे नाही. जन्मदाखल्यावर जसे नाव आहे तसेच ते सगळीकडे लिहिले जाईल याकडे पालकांनीच लक्ष द्यावे. लग्नाची नोंद झालेली नसेल तर ती 1998 च्या राज्य कायद्यानुसार ग्रामपंचायतीत किंवा महानगरपालिकेत करून रीतसर प्रमाणपत्र घ्यावे.

मराठवाड्यातील कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असते आणि ती बाहेरच्या कार्यालयांच्या सहसा लक्षात येत नाही. येथील जिल्ह्यांच्या सीमा आणि नावे एका पिढीतच बदलली आहेत. जालना 1981 मध्ये औरंगाबादमधून, लातूर 1982 मध्ये उस्मानाबादमधून आणि हिंगोली 1999 मध्ये परभणीतून वेगळा झाला. त्यापुढे 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्यामुळे 1990 साली वसमतला जन्मलेल्या बाईंच्या शाळेच्या दाखल्यावर परभणी जिल्हा असतो आणि आधारवर हिंगोली, तर नवऱ्याच्या जुन्या कागदावर औरंगाबाद आणि मुलाच्या नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर. यातील कोणतीही नोंद चूक नाही, परंतु परदेशातील अधिकाऱ्याला ती दोन वेगळी गावे वाटू शकतात, शिवाय बिहारमध्येही एक औरंगाबाद आहेच. जुने दाखले बदलून घेण्यात वेळ घालवण्यापेक्षा नामांतराच्या किंवा जिल्हा निर्मितीच्या राजपत्राची प्रत आणि तिचे इंग्रजी भाषांतर सोबत ठेवावे, आणि पासपोर्टच्या अर्जात जन्मठिकाण लिहिताना कुटुंबातील सर्वांनी एकच पद्धत पाळावी.

सरकारी कामासाठी जाणाऱ्यांना पांढऱ्या मुखपृष्ठाचा अधिकृत पासपोर्ट मिळतो आणि त्याचा अर्ज कार्यालयामार्फतच जातो. घरात आधीचा निळा पासपोर्ट असेल तर तो जमा करून त्याची पावती जपून ठेवावी. जन्म, विवाह आणि शिक्षणाच्या दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (दाखला खरा असल्याचे, करारातील देशांत चालणारे प्रमाणन) लागेल का, हे त्या देशावर अवलंबून असते. भारत 2005 पासून अपोस्टिलच्या हेग करारात आहे, पण संयुक्त अरब अमिरातीसारख्या करारात नसलेल्या देशांसाठी त्यांच्या दूतावासाचे साक्षांकन घ्यावे लागते.

मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची इंग्रजी प्रत मुख्याध्यापकांकडून घ्यावी आणि त्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी करून घ्यावी. काठमांडू, मॉस्को आणि तेहरान येथे केंद्रीय विद्यालये आहेत. इतरत्र स्थानिक किंवा आंतरराष्ट्रीय शाळा शोधावी लागते. अंगणवाडीतून मिळालेले लसीकरणाचे कार्ड बालरोगतज्ज्ञाकडून इंग्रजीत लिहून घ्यावे आणि त्यात बीसीजीची नोंद अवश्य असावी, कारण ही लस घेतलेल्या मुलांची क्षयाची त्वचाचाचणी कधी कधी विनाकारण सकारात्मक येते. आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांसाठी पीतज्वराची लस अधिकृत केंद्रावरच आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते.

माझ्या मते मागे राहणाऱ्या घराची व्यवस्था ही सोबत जाणाऱ्यांच्या तयारीपेक्षा अवघड असते. शेतजमीन वडिलांच्या पश्चात अजून सामाईक असेल तर वारस नोंद आणि फेरफार जाण्यापूर्वीच पूर्ण करावेत, कारण भावकीतील एखादी सही राहिली की दोन-तीन वर्षे काम अडते. ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो प्रत्यक्ष शेतातून मोबाइल ॲपवर टाकावा लागतो. खरिपाच्या सोयाबीन-कापसाची आणि रब्बीच्या हरभऱ्याची ही नोंद कोण करणार, हे आधीच ठरवावे, अन्यथा सातबाऱ्यावर पीकपेरा कोरा राहतो आणि नुकसानभरपाई मागताना पंचाईत होते. बँक आणि शेतीच्या कामासाठी विश्वासू नातेवाइकाला दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेले मुखत्यारपत्र द्यावे, पण ते कामे नेमकी लिहून दिलेले असावे. विक्रीचा अधिकार त्यात घालण्याचा मोह टाळावा, मग समोर सख्खा भाऊ असला तरी. हे राहून गेल्यास परदेशातील भारतीय दूतावासात मुखत्यारपत्र करता येते, मात्र ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

अवलंबित आई-वडिलांची नावे सेवा नोंदीत आणि त्यांची ओळखपत्रे त्यांच्याच हाती असावीत. संभाजीनगरच्या छावणीतील लष्करी रुग्णालय देगलूर किंवा उदगीरच्या माणसाला दूर पडते, म्हणून जवळच्या डॉक्टरांशी बोलून ठेवावे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ताही घरात लिहून ठेवावा. आधार आणि बँकेशी जोडलेले सिम चालू ठेवावे, कारण प्रत्येक ओटीपी त्यावरच येतो.

नेमणूक कळताच गावात सत्काराचे फ्लेक्स लागतात आणि व्हॉट्सॲप गटांवर तारखेसह अभिनंदन फिरू लागते. देश, कार्यालय आणि प्रवासाचा दिवस त्यात येऊ नये, हे मित्रमंडळींना आधीच नम्रपणे सांगावे.

सामानाबाबत थोडकेच. मिक्सर अमेरिकेत किंवा जपानमध्ये चालत नाही, कारण तेथील वीजदाब आपल्या 230 व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास असतो. येसर, ज्वारीचे पीठ नेता येते का, हे त्या देशाच्या नियमांत पाहावे. अमिरातीत आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी असल्याने तेथे जाणाऱ्यांनी खसखस घातलेला काळा मसाला घरीच ठेवावा. नेहमीच्या गोळ्यांसोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असावी. अंगावरचे जुने दागिने परतताना नवे ठरू नयेत यासाठी जाताना विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी दागिन्यांची पावती किंवा मूल्यांकन सोबत ठेवून, चेक-इनपूर्वी पुरेसा वेळ हाताशी राहील असे निघावे.