बाबांचा डी ड्राइव्ह कुठं गेला? लिनक्स मिंटवर आल्यावर डिस्क कशी ओळखायची

“अगं, माझा डी कुठं गेला?” लॅपटॉपवर विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाकून दिली आणि दुसऱ्याच दिवशी मिरजेहून बाबांचा फोन आला. त्यांचा डी म्हणजे भजनी मंडळाची अकरा वर्षांची रेकॉर्डिंग्ज, दर एकादशीचं वेगळं फोल्डर. मी आधी एवढंच म्हटलं, “बाबा, काही गेलेलं नाही. फक्त कुठंही ‘फॉरमॅट’ दिसलं तर दाबू नका.” विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुना प्रोसेसर विंडोज ११ घेत नव्हता, म्हणून हा बदल केला. तुमच्या घरीही असाच लॅपटॉप असेल, तर बाबांना फोनवर जे समजावलं ते तुमच्याही कामाला येईल.

सी, डी, ई ही अक्षरं डिस्कवर कोरलेली नसतात. विंडोज ती आपल्या सोयीनं लावतं. ए आणि बी फ्लॉपीसाठी होते, म्हणून हार्ड डिस्कची सुरुवात सी पासून झाली. लिनक्समध्ये अक्षरं नाहीतच. तिथं एकच मोठा वाडा असतो, त्याचा मुख्य दरवाजा म्हणजे तिरपी रेघ, ‘/’. प्रत्येक पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, ही त्या वाड्यातली एक खोली. खोलीचं दार वाड्यात उघडून देणं म्हणजे ‘माउंट’ करणं. दार उघडलेलं नसलं तरी आतलं सामान जागच्या जागी असतं. बाबांचा डी असाच बंद होता.

फाइल मॅनेजरमध्ये डावीकडं ‘डिव्हायसेस’खाली बघा. नावावर क्लिक केलं की ते माउंट होतं, कधी पासवर्ड मागतं. बाबांची खरी अडचण इथं झाली. त्यांना दोन नावं दिसली आणि दोन्ही ‘न्यू व्हॉल्यूम’. डी आणि ई करताना कुणी नाव दिलंच नव्हतं, त्यामुळं विंडोजनं ठेवलेलं नाव तसंच राहिलं. अक्षरं गेली आणि ओळखायला काही उरलं नाही.

अशा वेळी आकारावरून ओळखा. मेनूत ‘डिस्क्स’ शोधून उघडा. डावीकडं खऱ्या डिस्क दिसतात, उजवीकडं पट्टीत त्यांची पार्टिशनं. बाबांच्या लॅपटॉपमध्ये लिनक्सच्या भाषेत २४० जीबीची एसएसडी म्हणजे ‘एसडीए’ आणि १ टीबीची हार्ड डिस्क म्हणजे ‘एसडीबी’. ‘एसडीबी१’ हे तिचं पहिलं पार्टिशन. ही नावं डिस्क सापडण्याच्या क्रमावर ठरतात, बदलूही शकतात, म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

आकार वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. विंडोजमध्ये ५०० जीबी दिसणारा डी इथं ५३७ जीबी दिसला. जागा वाढलेली नाही. विंडोज १०२४ च्या हिशेबानं मोजून जीबी लिहितं, ‘डिस्क्स’ १००० च्या हिशेबानं मोजतं. म्हणूनच १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते.

डी सापडला की त्याला नाव द्या. पार्टिशन निवडून चौकोनी बटणानं अनमाउंट करा, दातेरी चाकाच्या चिन्हातून ‘एडिट फाइलसिस्टम’ घ्या आणि नाव लिहा. आम्ही ‘भजन’ आणि ‘फोटो’ अशी ठेवली. त्याच मेनूत ‘फॉरमॅट पार्टिशन’ही असतं, तेवढं सांभाळा. एसएसडीवर १०० एमबीच्या आसपासचं ईएफआय पार्टिशन दिसेल. ते बिनकामाचं वाटतं, पण लॅपटॉप त्यावरूनच सुरू होतो, हात लावू नका.

लॅपटॉप सुरू होताच ‘भजन’ उघडं हवं असेल तर ‘एडिट माउंट ऑप्शन्स’मध्ये जा, ‘युजर सेशन डिफॉल्ट्स’ बंद करा, ‘माउंट अ‍ॅट सिस्टम स्टार्टअप’वर खूण करा. ओळख यूयूआयडीनं ठेवा. तो पार्टिशनचा स्वतःचा क्रमांक असतो, डिस्कचा क्रम बदलला तरी तोच राहतो.

आमच्याकडं पुढची अडचण वेगळीच निघाली. डी उघडला, पण फाइल सेव्ह होईना. जुन्या स्कॅनरसाठी विंडोजही लिनक्सच्या जोडीला ठेवलं होतं आणि त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ चालू होतं. अशा वेळी शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्स अशा एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) पार्टिशनवर लिहायला नकार देतं. हे ते योग्यच करतं, जबरदस्ती करू नका. विंडोजमध्ये परत जाऊन पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा आणि एकदा ‘रीस्टार्ट’ करा. माझा तर आग्रह आहे की हे लिनक्स टाकण्याआधीच करावं. एनटीएफएसमध्ये खरा बिघाड असेल तर दुरुस्तीही विंडोजकडूनच करून घ्यावी.

पेन ड्राइव्हचंही सांगते. मंडळाच्या साउंडवाल्यासाठी बाबांनी काकड्याचं रेकॉर्डिंग कॉपी केलं, पट्टी पूर्ण झाली आणि लगेच पेन ड्राइव्ह ओढला. पहाटे देवळात फाइल वाजलीच नाही. पट्टी संपली तरी काही भाग मेमरीतच असतो, डिस्कवर मागून उतरतो. नावाशेजारच्या ‘इजेक्ट’वर क्लिक करा, काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबा. मोठ्या फाइलला मिनिटभरही लागतं.

डी ला ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सच्या स्वतःच्या पद्धतीचं, करायची घाई नको. विंडोज ते आपणहून वाचत नाही, आणि फॉरमॅट केल्याशिवाय बदल होत नाही. आम्ही दिवाळीत वेगळी डिस्क घेऊन सगळी भजनं तिच्यावर उतरवणार, चारपाच फाइली वाजवून बघणार, मगच डी ला हात लावणार.