टाकीत अंडी दिसली? आधी जागा बघा

माशांच्या टाकीत अंडी दिसली की ओळखीचे लोक मला फोटो पाठवतात. फोटोत काय, तर झूम करून धुरकट झालेला एक ठिपका. त्यावरून काय कप्पाळ सांगणार! माझे पहिले दोन प्रश्न ठरलेले: टाकीत कोण कोण आहे, आणि अंडी कुठे चिकटली आहेत?

गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांची नावं आधीच खोडा, ते थेट पिल्लं देतात. टाकीत एवढेच मासे असतील तर अंडी बहुतेक गोगलगायीची. ‘पण आम्ही गोगलगाय आणलीच नाही!’ तुम्ही नाही, पण दुकानातल्या पाणवनस्पतीच्या पानामागून ती आली.

खरा गोंधळ काचेवरच्या अंड्यांचा होतो. मोबाईलचा टॉर्च काचेला तिरका धरा. पारदर्शक जेलीचा थर आणि त्यात बारीक कण दिसले, तर ती साध्या गोगलगायीची. नखाने ढकला, अख्खी जेली एकत्र सरकते. कोरीडोरास या तळाशी फिरणाऱ्या छोट्या कॅटफिशचं अंडं सुटं असतं: दीड-दोन मिलिमीटरचं, गोल, टणक, पिवळसर. मादी पोटाखालच्या परांत थोडी थोडी अंडी धरून चिकटवत जाते, म्हणून इथे चार, तिथे दोन अशी दिसतात. जरा गार पाणी बदललं की दुसऱ्या दिवशी हमखास बघा. तिळासारखे पांढरे, कडक ठिपके दगडा-लाकडावर असतील तर ती नेराइट गोगलगाय. गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं मोठी होत नाहीत, फक्त डाग खरवडायचं काम उरतं. पाण्याच्या वर, झाकणाखाली गुलाबी गठ्ठा असेल तर मिस्ट्री गोगलगाय; तो पाण्यात पाडू नका, आतली पिल्लं गुदमरतात.

उभ्या पानावर किंवा फिल्टरच्या पाइपवर ओळीत मांडलेली अंडी, आणि शेजारी येईल त्याच्यावर धावून जाणारी जोडी: एंजल मासे. नर नसला तरी दोन माद्या मिळून अंडी घालतात, ती अर्थातच पांढरी पडतात. पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं गुरामी किंवा फायटर माशाचं. गुहेत नारिंगी गठ्ठा आणि दारात मिशाळ प्लेको मासा बसलेला असेल तर वेगळं सांगायला नको. टेट्रा, डॅनिओ अंडी विखरून टाकतात आणि बाकीचे ती लगेच फस्त करतात, तुम्हाला दिसणारच नाहीत.

कोरीडोरासची अंडी वाचवायची असतील तर बोटाने हलकेच लोळवून सोडवा. त्याच टाकीचं पाणी भरलेल्या डब्यात ठेवा, एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) मंद सोडा, मेथिलीन ब्लू या बुरशीरोधक निळ्या औषधाचे थोडे थेंब टाका. पांढरं, केसाळ झालेलं अंडं लगेच काढा, नाहीतर बुरशी शेजारी पसरते. तीन ते पाच दिवसांत पिल्लं निघतात.

तरीही ओळख पटत नसेल तर पुसून टाकायची घाई करू नका. तीन-चार दिवसांनी पुन्हा टॉर्च धरा. आत दोन काळे डोळे दिसले तर मासा, इवलासा शंख हळूहळू फिरताना दिसला तर गोगलगाय. गोगलगाय निघाली तर जुन्या एटीएम कार्डाने काच खरवडा आणि खाणं निम्मं करा. गोगलगायी वाढतात त्या उरलेल्या खाण्यावरच.