डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये अनडेड पात्र कसे घडवावे

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रे रंगवण्याच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत अनडेड, म्हणजे मरून पुन्हा उठलेले, पात्र खेळायचे असेल, तर २०२१ साली आलेल्या ‘व्हॅन रिक्टेन्स गाइड टू रेव्हनलॉफ्ट’ या पुस्तकातील रीबॉर्न हा वंश सर्वांत सोयीचा आहे. त्याच पुस्तकात डॅम्पीर हा व्हॅम्पायरचा अंश असलेला वंशही आहे. तो भिंतींवर चढतो, चावा घेऊन गमावलेले हिट पॉइंट (पात्राच्या जीवशक्तीचे गुण) भरून काढतो, आणि ज्याला भुकेशी झगडणारे पात्र हवे आहे त्याने तोच घ्यावा. येथे मात्र रीबॉर्नचा विचार केला आहे, कारण मृत्यूने काय हिरावून नेले आणि काय मागे ठेवले हा प्रश्न त्याच्या नियमांतच गुंफलेला आहे, आणि माझ्या मते अनडेड पात्र खेळण्याचे सारे सुख त्या प्रश्नात आहे.

पात्र लिहायला बसण्यापूर्वी डीएमशी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) एक गोष्ट पक्की करावी. नियमांच्या दृष्टीने रीबॉर्न हा ह्युमनॉइड (माणसासारखा जीव) गणला जातो, अनडेड नव्हे. नवख्या खेळाडूंचा यामुळे हिरमोड होतो, परंतु या तरतुदीमागे अनुभव आहे. २०१४ च्या नियमांत क्युअर वूंड्स आणि हीलिंग वर्ड हे जखमा भरणारे मंत्र अनडेडवर चालत नाहीत, पॅलाडिन या धर्मयोद्ध्याच्या ले ऑन हँड्स या स्पर्शाने बरे करण्याच्या शक्तीचाही उपयोग होत नाही, आणि आपल्याच पार्टीतील, म्हणजे सोबत्यांच्या गटातील, क्लेरिकने (पुरोहित पात्राने) टर्न अनडेड ही शक्ती वापरली की तीस फुटांच्या आतील ज्या अनडेडचा विस्डमचा सेव्हिंग थ्रो (परिणाम टाळण्यासाठी टाकलेला फासा) चुकेल, त्याला मार बसेपर्यंत किंवा मिनिटभर दूर पळत राहावे लागते. स्मशानातल्या प्रत्येक लढाईत स्वतःच्या मित्रामुळे मैदान सोडावे लागणे पहिल्यांदा रंगतदार वाटते, पुढे ते सर्वांनाच जाच होते. ह्युमनॉइड असण्याची किंमतही आहे: होल्ड पर्सन (जागीच जखडणारा) आणि चार्म पर्सन (भुरळ घालणारा) हे मंत्र तुमच्या पात्रावर बिनदिक्कत चालतात. एवढे समजूनही खरा अनडेड प्रकार हवा असेल, तर तो डीएमच्या संमतीने घ्यावा आणि जखमा कशा भरायच्या हे आधी ठरवावे. औषधाच्या कुप्या आणि शॉर्ट रेस्टमधील (छोट्या विश्रांतीतील) हिट डाइस, म्हणजे जखमा भरण्यासाठी टाकायचे फासे, यांवर बराच भार येईल. ज्यांना हे सारे छापील नियमांतच हवे आहे त्यांच्यासाठी पाथफाइंडर या वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीतील २०२२ चे ‘बुक ऑफ द डेड’ आहे, ज्यात सांगाड्याचा स्वतंत्र वंश मिळतो.

यानंतर मृत्यूची कथा लिहावी, आणि ती थोडक्यात लिहावी. पुस्तकात उगमाचा आठ नोंदींचा तक्ता आहे: कोणी वर्षानुवर्षे नेक्रोमॅन्सरच्या (प्रेते उठवणाऱ्या जादूगाराच्या) चाकरीत राहून अचानक शुद्धीवर आलेला असतो, कोणाचे शरीर वेगवेगळ्या प्रेतांचे तुकडे शिवून बनलेले असते, कोणी केवळ एक नाव आठवत कबरीतून बाहेर पडलेला असतो. एका नोंदीत शरीरात दुसराच आत्मा वस्तीला आलेला असतो. विक्रमाच्या खांद्यावरच्या प्रेतातून बोलणारा वेताळ लहानपणापासून माहीत असलेल्या मराठी खेळाडूला ही नोंद चटकन आपलीशी वाटेल. तक्त्यावर फासा टाकला तरी चालेल, पण त्यापुढे दोन उत्तरे स्वतःची हवीत. पात्राला जिवंत कोण ओळखते, आणि त्या व्यक्तीला भेटायला पात्र का घाबरते? केवळ सूडाची आस दिली तर शत्रू मेल्यावर पात्राकडे करण्यासारखे काही उरत नाही, म्हणून जिवंत माणसाशी बांधलेला धागा मला नेहमी अधिक टिकाऊ वाटतो.

आता एक पात्र घडवून पाहू. नदीच्या उतारावर माणसे पलीकडे नेणारी एक नावाडीण पुरात बुडाली आणि काही वर्षांनी काठावरच्या गाळातून उठली. तिची मुलगी आता तीच नाव चालवते. पात्र आरंभापासूनच रीबॉर्न असेल तर हव्या त्या दोन स्किल्समध्ये प्रावीण्य मिळते, म्हणून तिला सर्व्हायव्हल (निसर्गात तग धरणे) आणि इनसाइट (दुसऱ्याच्या मनातले ओळखणे) देऊ. मोहिमेच्या मध्यात मेलेले पात्र रीबॉर्न होत असेल, तर मूळ वंशाकडून मिळालेली स्किल्स आणि पोहण्याचा, चढण्याचा वा उडण्याचा वेग कायम ठेवता येतो. त्यामुळे टबॅक्सी (मांजरासारख्या लोकांच्या वंशाचे) पात्र लपण्याची आणि भिंतीवर चढण्याची हातोटी थडग्यातही घेऊन जाते.

नावाडिणीची खरी ओळख होते ती ‘नॉलेज फ्रॉम अ पास्ट लाइफ’ या गुणातून. स्किल लागणाऱ्या चाचणीत वीस बाजूंच्या फाशाचा आकडा दिसल्यावर लगेच सहा बाजूंचा फासा टाकून त्यात मिळवता येतो, आणि हे प्रोफिशन्सी बोनसइतक्या (लेव्हलनुसार वाढणाऱ्या प्रावीण्याच्या आकड्याइतक्या) वेळा, म्हणजे पहिल्या लेव्हलला दोनदा, करता येते. लाँग रेस्टनंतर (रात्रभराच्या विश्रांतीनंतर) हे वापर परत मिळतात. समजा, पाण्याची ओढ जोखण्यासाठी सर्व्हायव्हलची चाचणी आहे, पंधरा हवेत आणि सर्व धरून बारा झाले आहेत. सहा बाजूंच्या फाशावर चार पडले आणि चाचणी जमली. येथे फक्त “सोळा” म्हणून थांबू नये. पाण्यात हात घालताच तिच्या बोटांना कळते की भोवरा डाव्या खडकामागे आहे, आणि त्याच क्षणी तिला आठवते की त्या खडकावर बसून कोणीतरी लहान मुलगी तिला हाका मारत असे. ही ओळ कॅरेक्टर शीटच्या मागे लिहून ठेवावी. दहाएक सेशनांनंतर त्या ओळींतून एक आयुष्य उभे राहते, आणि ते आधी लिहून आणलेल्या चार पानी पूर्वकथेपेक्षा कितीतरी अधिक खरे वाटते, कारण त्यातली प्रत्येक आठवण साऱ्या टेबलासमोर जागी झालेली असते.

बाकीच्या गुणांकडेही याच नजरेने पाहावे. तिला अन्न, पाणी, श्वास आणि झोप लागत नाही. चार तास निश्चल पण जागे राहिले की तिची लाँग रेस्ट पूर्ण होते. इतरांना आठ तास लागत असल्याने उरलेले चार तास ती एकटी असते, आणि त्या वेळात ती काय करते हे खेळाडूने ठरवलेले असावे. विषाबाबत मात्र गैरसमज नसावा: विषाचे नुकसान निम्मे होते आणि विषबाधेविरुद्धच्या थ्रोला अॅडव्हान्टेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेणे) मिळतो, पूर्ण अभय मिळत नाही.

क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, निवडताना पुनरुक्ती टाळावी. वॉरलॉक या करार करून जादू मिळवणाऱ्या क्लासचा अनडेड पॅट्रन (जादू देणारा आश्रयदाता) नावामुळे हमखास मोह घालतो, पण सहाव्या लेव्हलला तो अन्न, पाणी आणि श्वास यांपासून जी सुटका देतो ती रीबॉर्नकडे पहिल्या दिवसापासून असते. नावाडिणीला मी फँटम रोग (Rogue, म्हणजे चलाख चोराच्या क्लासचा मृतांशी नाते सांगणारा प्रकार) करीन. तिसऱ्या लेव्हलपासून मृतांच्या कुजबुजीतून प्रत्येक विश्रांतीनंतर एखाद्या नव्या स्किलचे वा कारागिरीच्या अवजारासारखे साधन (टूल) वापरण्याचे प्रावीण्य तिला उसने मिळते.

पहिल्या सेशनपूर्वी सोबतच्या खेळाडूंनाही विचारावे. ज्याच्या घरी नुकतेच कोणी गेले आहे, त्याच्यासमोर कुजलेल्या देहाची वर्णने करू नयेत. खुणा सौम्य ठेवल्या, जसे कधीच न वाळणारे केस किंवा थंड तळहात, तरी पात्राचे काही बिघडत नाही.

शेवटी, पात्र पुन्हा मेले तर काय, हेही आधीच ठरवावे. डेथ सेव्हिंग थ्रोला (मरणाच्या दारात टाकायच्या फाशाला) अॅडव्हान्टेज असल्याने ते सहजी मरत नाही. मात्र रेझ डेड हा मेलेल्याला जिवंत करणारा मंत्र दहा दिवसांच्या आत मेलेल्यालाच लागू पडतो, आणि ते दिवस पहिल्या मृत्यूपासून मोजायचे की दुसऱ्या, याचा निर्णय डीएमकडून घेऊन तो कॅरेक्टर शीटवर नोंदवून ठेवावा.